बाबांनी गाडी विकायला काढली

३ मार्च

बाबा गाडी विकायची म्हणतात.

माझा नवरा वारल्यापासून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गॅरेजचं दार कुणाला उघडू दिलं नव्हतं. आणि आज सकाळी पेपर वाचता वाचता, रद्दी द्यायचीय अशा सुरात म्हणाले — ती गाडी काढून टाकू. का, विचारलं तर म्हणे जागा अडते. कुणाची? दोन माणसांच्या या घरात जागाच जागा आहे!

५ मार्च

गॅरेजमध्ये जाऊन आले. टप उघडता येणारी, दोघांपुरती गाडी. अशा फार थोड्या बनल्या, हे नवरा आल्यागेल्याला ऐकवायचा. आता कापडी टप उंदरांनी कुरतडलाय, पायाखालचा पत्रा सडलाय, इंजिन खोललेलं, नट-बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत. रविवारी बापलेक तिच्याखाली आडवे असायचे. चहाला हाक मारली की नुसते चार पाय हलायचे.

ती विकायची? मला राग आलाय की सुटल्यासारखं वाटतंय — तेच कळत नाही.

९ मार्च

गिऱ्हाईक आलं. जहाजावरून निवृत्त झालेला कप्तान, सोबत बायको. त्याने काही विचारायच्या आत बाबांनी त्याला गुडघ्यांवर बसवून सडका पत्रा दाखवला. गिअरबॉक्सचे तुटके दात दाखवले. मी मनात म्हटलं, चला, यांना विकायची नाहीच आहे, नुसतं नाटक. जीव भांड्यात पडला.

कप्तान बायकोकडे बघत म्हणाला, काम फार आहे, विचार करून सांगतो. तर बाबा घाईघाईने त्याच्या मागे गेले. म्हणाले, तुम्ही म्हणाल तेवढे द्या, पण लवकर न्या.

तुम्ही म्हणाल तेवढे!

डोकं चालेनासं झालंय.

१० मार्च

बाबांचा चहा टेबलावर ठेवला आणि कामावर, माती तपासायच्या प्रयोगशाळेत निघून गेले. संध्याकाळी कप धुऊन पालथा ठेवलेला होता.

१२ मार्च

नणंदेचा फोन. तिला वाटतं मीच बाबांच्या मागे लागले. ‘‘दादाची तेवढीच तर वस्तू उरली होती, वहिनी.’’ मी काय सांगणार? मलाच काही माहीत नाही. बाबांना विचारावं तर ते झाडांना पाणी घालायला उठून जातात.

१४ मार्च

गाडी गेली. चाकं जाम झाली होती, ट्रकवर चढेना. कप्तान, मी, बाबा — तिघांनी ढकलली. बाबांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. ट्रक कोपऱ्यावरून वळला तसं मी विचारलंच, का विकलीत?

‘‘तिकडे दूरच्या बंदरावर, माती तपासायच्या नव्या प्रयोगशाळेत तुला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. तू नाही म्हणालीस. मला कारण काय सांगितलंस? त्याची गाडी पुरी करायचीय.’’

मी गॅरेजचं दार ओढून घेतलं.

‘‘काल तुझ्या साहेबांचा परत फोन आला होता. मी घेतला. जागा अजून रिकामी आहे म्हणाले. आता गाडी नाही. आता काय कारण सांगशील?’’

बघते, एवढंच म्हणून आत आले. काय सांगू? ती थाप होती. मला गाडीतलं काय कळतं! तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ, हे तोंडावर म्हणायचं नव्हतं. त्यांना ओझं झाल्यासारखं वाटलं असतं. आणि हे घर, ते गॅरेज सोडून ते कुठे हलणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

आता ती जागा घ्यायची, की दुसरी थाप शोधायची?

१५ मार्च

सकाळी दारात भरलेली बॅग. मला घालवायची एवढी घाई? रडू फुटलं. चेन उघडली — आत बाबांचे शर्ट, बाबांचं दाढीचं सामान.

‘‘तू कधी विचारलंच नाहीस मला,’’ ते मागून म्हणाले, ‘‘येता का म्हणून.’’