तीन मिनिटांची साक्ष

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
रोजनिशीची सवय नाही, पत्रांची आहे. म्हणून आधी सगळ्यांची विचारपूस. उजव्या गुडघ्या, बरा आहेस ना? डाव्या, तू? कंबर काल उचललेल्या फळीवरून अजून रुसलेली दिसते. दात जे उरलेत ते मजेत असावेत. बायकोची तब्येत विचारावी लागत नाही, भांड्यांच्या आवाजावरून कळते. आज उत्तम आहे.
मुद्दा असा की २९ तारखेला, रविवारी, माझा बाप्तिस्मा. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं या चर्चचं सुतारकाम केलं, दारं-खिडक्या सगळ्या माझ्या हातच्या, पण स्वतः पाण्यात उतरायचं राहून गेलं. घाई नव्हती. मूळचाच बरा माणूस. आता नवा जन्म घ्यायचा. आजपासून राग बंद, बढाई बंद.

सकाळी ६.४०
चहा गार होता. राग उद्यापासून बंद.

४ सप्टेंबर, बुधवार
पाळकसाहेबांकडे पहिला वर्ग. २२ला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या आदल्या रविवारी, प्रत्येकाने मंडळीसमोर साक्ष द्यायची. आधी कसा होतो, प्रभूने कसं वर काढलं. वेळ तीन मिनिटं. मी म्हटलं, माझी बावीस मिनिटांची होईल. म्हणाले, काका, तीन. तरुण माणूस आहे, शिकेल.
पुढे विचारलं, कोणाशी समेट करायचा राहिलाय का? छातीठोकपणे सांगितलं, कोणाशीही नाही. धाकटा भाऊ नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाही, पण तो त्याचा प्रश्न. मी त्याला केव्हाच माफ केलंय.

६ सप्टेंबर, शुक्रवार
पापांची यादी करायला बसलो. १) डॉक्टरांना सांगितलं साखर सोडली, सोडली नव्हती. २) उपदेश चालू असताना डुलकी. (बायको म्हणते, डुलकीला एवढा आवाज नसतो.) ३) शेजाऱ्याचा रंधा दोन वर्षं ठेवून घेतला.
यादी संपली. फार वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टींसाठी प्रभूने क्रूस वाहिला हे चारचौघांत सांगायचं म्हणजे आपल्यालाच संकोच.

८ सप्टेंबर, रविवार
गेल्या वर्षी बाप्तिस्मा झालेल्या न्हाव्याने आम्हाला नमुना म्हणून पुन्हा साक्ष दिली. काय साक्ष! दारू, पत्ते, दोनदा कोठडी, एकदा गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं भादरून पिण्यासाठी पसार. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. नशीब लागतं एकेकाचं!
घरी येईपर्यंत त्याच्या साक्षीत चुका काढत आलो. मत्सर. लगेच यादीत टाकला. चार झाली.
दुपारी बायकोला म्हटलं, माझ्या हातून एखादं मोठं पाप घडलंय का, आठव बघू. तिने भाजी चिरायची थांबवली. म्हणाली, अहो, ते बाक.
म्हटलं, बाकाचा विषय वेगळा.

९ सप्टेंबर, सोमवार
कोणाच्या मनात किंतु नको म्हणून बाकाचा विषय इथे एकदाच लिहून मिटवतो. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नासाठी चर्चला घाईने एक बाक हवं होतं. आम्ही दोघा भावांनी केलं. ऐन लग्नात ते मोडलं, नवरीच्या आत्याबाई खाली आल्या, पाय गेला. लोक म्हणाले, धाकट्याचा हात कच्चा. मी काही म्हटलं नाही. काही न म्हणणं हे पाप कुठे लिहिलंय? धाकट्याला कामं मिळेनाशी झाली, तो बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात गेला. हवा दमट होती त्या आठवड्यात. लाकडाचा काय भरवसा.

तासाभराने
ही मागे उभी राहून वाचत होती! म्हणाली, सांधे तुम्ही करायचात, भावोजी नुसतं पॉलिश करायचे. पॉलिशने बाक मोडत नाही हो.
वहीला कुलूप आणायला हवं.

११ सप्टेंबर, बुधवार
मोठ्या मनाने धाकट्याला कार्ड टाकलं. तुला पूर्णपणे माफ केलं आहे, मनाला लावून घेऊ नकोस. टपालपेटीपासून घरापर्यंत अगदी तरंगत आलो. नवा जन्म तो हाच. पाणी आता नावापुरतं.

१८ सप्टेंबर, बुधवार
उत्तर आलं. धाकट्याचं नाही, भावजयीचं. लिहिते, दादा, तुमचं कार्ड वाचून हे खूप हसले. मग बराच वेळ बाहेर जाऊन बसले. तसं यांचं बरं आहे. एवढंच की इथल्या चर्चमध्ये हे बाकावर बसत नाहीत. दीड तास मागे भिंतीशी उभे राहतात. पाय सुजतात. लोक सरकून जागा देतात, तर म्हणतात, नको, मोडेल.
ही म्हणाली, मोठ्याने वाचा. नाही वाचलं. साक्षीसाठी आवाज राखून ठेवतोय.

२१ सप्टेंबर, शनिवार
साक्ष तयार. अकरा पानं. बाक घेतलंय, नवव्या पानावर. 'हवामान' आणि 'गैरसमज' हे दोन शब्द फार सुबक बसलेत. कपाटाच्या आरशासमोर तालीम केली. चोवीस मिनिटं. एका जागी मलाच रडू आलं, बालपणाच्या भागात.

२२ सप्टेंबर, रविवार. दुपारी
जेवलो नाही.
उभा राहिलो. बालपण चालू असतानाच पाळकसाहेबांनी एक बोट दाखवलं. एक मिनिट उरलं. गडबडीत एकदम नववं पान काढलं. म्हटलं, एकदा एक बाक मोडलं, हवामान दमट होतं, भावाभावांत गैरसमज झाला.
पहिल्या रांगेतून आत्याबाई बोलल्या. ज्या पडल्या त्याच. आता ऐंशीच्या, हातात काठी. म्हणाल्या, हवामान राहू दे रे. सांध्यात चिकटवायला सरस लावला होतास का?
म्हटलं, नाही. संपला होता. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.
म्हणजे सांधा तुझा?
म्हटलं, हो.
मग नऊ वर्षं त्या पोराला का रे बोलणी खाऊ दिलीस?
अकराही पानं घडी करून खिशात घातली. खाली बसलो. कोणी रडलं नाही. एक टाळी नाही. न्हाव्याने उठून पाण्याचा पेला हातात दिला. पाळकसाहेब म्हणाले, साक्ष झाली.
मी म्हटलं, अजून सुरूही झाली नव्हती. म्हणाले, काका, झाली.

२९ सप्टेंबर, रविवार. दुपारी ४
बाप्तिस्मा झाला. पाण्याखाली गेलो, वर आलो. काही उजेडबिजेड दिसेल असं वाटलं होतं. कानात पाणी गेलं. नव्या माणसाच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य: हौदाची ही पायरी कोणी बसवली, हलतेय. जुलैमध्ये मीच बसवली होती. सगळी मंडळी हसली, आत्याबाई सगळ्यांत जास्त.
जुनाच आहे मी. थोडा ओला.
घरी येऊन धाकट्याला पत्र लिहायला घेतलं. चार फाडली. प्रत्येकात कुठेतरी 'पण' निघत होता. हिने पाचवा कागद पुढे ठेवला आणि शेजारी बसली. त्याची नक्कल:

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
सरस मी लावला नव्हता. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. आता सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. माझं ते कार्ड फाडून टाक, त्यात सगळं उलटं लिहिलंय. मला माफ कर. जमत नसेल तर तसं लिही, मी ऐकून घेईन. तेवढं चर्चमध्ये बाकावर बसत जा. ते मोडकं बाक अजून मागच्या खोलीत पडून आहे, आज जाऊन पाहिलं. तुझ्या पॉलिशला काही झालेलं नाही, त्यात माझं तोंड स्वच्छ दिसलं. दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील, तुझ्या हातच्या असू देत. पण लवकर लिही.