सासऱ्यांच्या गाडीचं घरच्या घरी सर्व्हिसिंग

१७ सप्टेंबर
नजर कमी झाली म्हणून काष्टीच्या सासऱ्यांनी त्यांची मोटरसायकल मला दिली. जिवापाड जपलेली गाडी. आज फोनवर म्हणाले, दसऱ्याला भिंगारला येतो, तुमच्या मागं बसून सीमोल्लंघन करू. जरा टकटक आवाज येतो गाडीचा. तेवढा मीच काढणार. माणसाने स्वावलंबी असावं.

२१ सप्टेंबर, रविवार
कोपऱ्यावरचे मेकॅनिक मच्छिंद्र म्हणाले, आणा इकडं, लगेच करून देतो. नको म्हटलं. हे लोक वरवर काम करतात. व्हिडिओ बघून खोलली. खोलणं फारच सोपं निघालं. सगळे पार्ट बायकोच्या, म्हणजे पंकजाच्या परातीत ठेवले.

२२ सप्टेंबर
घट बसले. पंकजाने विचारलं, परात कुठे? दाखवली. तिने पातेल्यातच कणीक मळली.

२५ सप्टेंबर
कार्बोरेटर चकाचक. एक स्प्रिंग उडाली, सापडत नाही. व्हिडिओत ती नव्हतीच, म्हणजे महत्त्वाची नसणार. व्हिडिओ दुसऱ्या गाडीचा होता हे नंतर कळलं. पण तत्त्व तेच.

२७ सप्टेंबर
जोडली. मूठभर नटबोल्ट उरले. कंपन्या उगाच जास्त घालतात. किक मारून पाय सुजला, गाडी ढिम्म. पुन्हा खोलली. या वेळी नीट.

२९ सप्टेंबर, सकाळ
सासऱ्यांचा फोन. गाडी कशी हाय? एकदम टॉप, म्हणालो. म्हणाले, जरा आवाज ऐकवा, लई दिस झालं. शेजारचे भिमाजी ड्यूटीला निघाले होते, त्यांच्या चालू मोटरसायकलजवळ फोन धरला. सासऱ्यांनी पुन्हा एकदा ऐकवायला लावला. मग म्हणाले, बरं.
पटलं त्यांना. पंकजा दारातून बघत होती. तिच्याकडे बघवेना.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
शेवटी मच्छिंद्रांकडे गेलो. पान्यांना हळदकुंकू वाहून बसले होते. म्हणाले, आज हत्याराला हात लावत न्हाई, परवा या. सासऱ्यांना सांगणार, गाडी वर्कशॉपला दिलीय. सांगाडा आणि परात ताडपत्रीखाली झाकली. कोणाला संशय येणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार. सासरे आले. मी तोंड उघडायच्या आत पंकजाचा हात धरून सरळ ताडपत्रीकडे गेले. पिशवीत हार नव्हता, सुटी फुलं होती. म्हणाले, फोनवर दुसऱ्याची गाडी ऐकली तवाच कळलं, आपली खोललेली हाय. हार अडकवायचा कशाला? म्हणून सुटी आणली.
परातीपुढे मांडी घालून बसले. नीट दिसत नाही, म्हणून चाचपत एकेका पार्टवर फूल ठेवत गेले. नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावले असते तर बरं झालं असतं.
सीमोल्लंघनाला पंकजा त्यांना स्कूटीवर घेऊन गेली. निघताना म्हणाले, पाव्हणं, परात तेवढी मोकळी करा. पोरीला पोळ्या करायच्यात.
मोकळी केली. तेव्हापासून घासतोय. ग्रीस निघत नाही.