पुसलेली यादी

शॉमबर्ग (शिकागो), गुरुवार, १३ फेब्रुवारी २००३

प्रिय यतीन,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण पाठचा भाऊ आहेस, करणार काय! कालपासून सहा फोन केले, उचलत नाहीस. ऑफिसात मला पाहिलंस की जिन्याने पळतोस. म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतेय.

आज अतुलकडे गेले होते. नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला. शनिवारचं विमान आहे त्यांचं. परत जाणाऱ्यांच्या घरी असतं तसं सगळं मांडून ठेवलं होतं: कुकर, पोळपाट, बर्फाचं फावडं, ज्याला जे हवं ते न्या. सातवा महिना लागलेली उपासना मलाच चहा करून देत होती.

अतुलच्या प्रोग्रामने लॉक न घेताच ऑर्डरच्या फाइलमध्ये लिहिलं, असं त्याची नोकरी घालवणाऱ्या रिपोर्टात आहे. साफ खोटं! लॉक घेतला होता त्याने. एक जण लिहीत असेल तर दुसऱ्याने थांबायचं, एवढंच तर ते लॉकचं काम. गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारी कुठलंसं मशीन लॉक धरून बंद पडलं, सगळे खोळंबले, वेअरहाउसमधून आरडाओरडा सुरू झाला, आणि ड्यूटीवर होतास तू. ज्या ज्या मशीनकडे लॉक आहेत त्यांची यादी सर्व्हर जपून ठेवतो. पुन्हा सुरू झाला की यादीतल्या एकेकाला कळवतो, तुझा लॉक परत नोंदव. तू ती यादीच पुसलीस आणि सर्व्हिस रीस्टार्ट केलीस. पाच मिनिटांत चालू! वर शाबासकी घेतलीस. अतुलच्या मशीनला वाटलं लॉक अजून आपल्याकडेच आहे, सर्व्हरने तो दुसऱ्याला देऊन टाकला. दोघांनी एकाच फाइलमध्ये लिहिलं आणि सगळ्या ऑर्डरींची खिचडी झाली. काल मी बॅकअपच्या टेप लावून पाहिल्या. सोमवारच्या टेपवर यादी आहे, मंगळवारच्या टेपवर ती रिकामी.

मीटिंगमध्ये अतुलने सगळ्यांदेखत तुला विचारलं होतं, सर्व्हरला हात लावला होतास का म्हणून. तू नाही म्हणालास. लाज कशी वाटली नाही रे? आज निघताना त्याने इडलीपात्र माझ्या हातात दिलं, खास तुझ्यासाठी. म्हणाला, यतीन दोन दिवस माझ्या शेजारी बसून ती फाइल निस्तरत होता, त्याला द्या.

आता माझं ऐक. यादी पुसायची ही युक्ती तुला मीच शिकवली होती, ट्रेनिंगच्या मशीनवर, घाईघाईत. आणि त्या रिपोर्टखाली तपासणारी म्हणून सही माझीच आहे. टेप मी तेव्हाच लावायला हवी होती. लावली नाही, कारण मंगळवारी ड्यूटी कुणाची होती ते मला माहीत होतं. उद्या दहा वाजता मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन माझं सांगणार आहे. तुझं तू येऊन सांग. आला नाहीस तर तेही मीच सांगेन, मग आपल्या व्हिसांचं काय व्हायचं ते होऊ दे. इडलीपात्र दाराबाहेर ठेवलंय. ते उचलून घरात घेण्याआधी अतुलला फोन कर.

तुझीच, अजून तरी,
सुलेखाताई