माहिती पुरेशी आहे का

३ जून

नातीचं गणित म्हणजे खुळ्यांचा कारभार! उत्तर काढायचंच नाही म्हणे. एक प्रश्न, खाली दोन विधानं. एवढ्या माहितीवर उत्तर निघेल की नाही, इतकंच सांगायचं. पदवी घेऊन बसलीय घोडी, आणि पुढच्या प्रवेशाला हे! मी चौथीतून उठलेली. पण भाजी निवडता निवडता ऐकते.

आजचं — क्ष पूर्णांक आहे. तो शून्याहून मोठा आहे का? पहिलं विधान, क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा. दुसरं, क्ष उणे एकाहून मोठा. मी म्हटलं, दुसरं एकटंच पुरे. हसली. "आजी, शून्य राहिलं की! तेही उणे एकाहून मोठंच." दोन्ही मिळूनच पुरतात म्हणाली. मला पटवूनच उठली.

७ जून

जावई आले तिला शिकवायला. क्लासचे नावाजलेले मास्तर. माझा मुलगा तर त्यांच्यापुढे पायपुसणं होतो. खोलीचं दार लोटलेलं. चहा घेऊन गेले तर तेच उदाहरण चाललेलं. पोर म्हणाली, दुसरं एकटंच पुरे.

शून्य विसरली? ही?

८ जून

विचारलं. घाई झाली म्हणाली. वर बघितलं नाही.

१२ जून

जावई पुन्हा. मी बाहेर दाराच्या फटीसमोर सुईत दोरा ओवत बसले. दोरा काही ओवला गेला नाही. पोर चुकत होती, सोपी सोपी चुकत होती. मधेच एक बरोबर आलं. शाब्बास म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. पोर लाकूड झाली. पुढची सगळी उदाहरणं चुकली.

१३ जून

मुलाला जावयांनी सांगितलंय, पोर कच्ची आहे, रविवारपासून क्लासवर पाठवा, तिला एकटीला बसवतो. मुलगा गदगद!

काल पाहिलं ते सुनेला सांगितलं. ती म्हणाली, अजून काही दिसलं तर बोलू.

अजून काय दिसायचं राहिलंय, बाई?

१५ जून, रविवार

पोर चप्पल घालत होती. म्हटलं, मुद्दाम चुकतेस ना? बराच वेळ पट्ट्याशीच झटत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आलं की काका जवळ सरकतात."

चप्पल काढायला लावली. मुलाला बोलावून सगळं सांगितलं. आई, तुझं डोकं फिरलंय, ताईचा संसार मोडशील, म्हणून ओरडला. मोडू दे. त्याच्यासमोरच जावयांना फोन लावला — पोर येणार नाही, आणि तुम्हीही इकडे फिरकायचं नाही. पलीकडून हसले.

१६ जून

लेकीचा फोन आला. भांडेल, रडेल, धरूनच चालले होते.

"आई, तुला कसं कळलं?" एवढंच म्हणाली.

काय कळलं, ते तिनं विचारलं नाही.