खड्ड्यावरचं लाल फडकं

अम्मी, तुला फिरदोसचा सलाम.

काल रातभर डोळा न्हाई लागला. पोरीच्या नाकापुढं हात धरून बसले हुते. तू घाबरू नगं, अर्फा बरी हाय, कपाळाला नुसतं खरचटलंय. तिला अंगनवाडीतनं आनताना दारापुढच्या खड्ड्यात माझा पाय गेला. वर पानी हुतं, दिसलाच न्हाई. दोघी आपटलो.

त्या खड्ड्यात मीच काठी रवून लाल फडकं बांधलं हुतं. खड्डा बुजवा म्हनून तक्रार दिली हुती, तवा सोमवारी नगरपालिकेची मानसं आली. साहेब म्हनला, "ताई, ही खूण कुनी लावली?"

"मी लावली."

"झ्याक केलं," म्हनला आन फोटू काढला. मग काठी उपटून जीपमदी टाकली. म्हनं, फुडच्या खड्ड्याला लागंल! हापिसात भांडायला गेले तर त्योच फोटू दावत्यात, तुमची तक्रार मिटली म्हनून. लाज कशी वाटत न्हाई गं ह्यांना?

तुझा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

हे टरक घिऊन गुजरातला गेल्यात. माझा फोन खड्ड्यात भिजून बंद पडला, आन मतीनचा नंबर पाठ न्हाई. त्यो फुडच्या जुम्म्याला फटफटीवरनं हितं येनार. मीच त्याला सांगितलंय, लाल फडकं दिसलं की गाडी कडंनं घाल. त्यो फडकंच बघत येनार.

अम्मीला ही चिठ्ठी जे कोन वाचून दावतंय, त्यांनी आदी माझ्या भावाला, मतीनला फोन करा. नंबर कॅलेंडरच्या मागं लिवलाय. म्हनावं, गाडी मशिदीपाशी लाव आन चालत ये. फडकं आता फोटूतच हाय.