लाल नॉब आणि गद्दार

४ नोव्हेंबर
आमचा खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब डिजिटल झाला. मतदानात सगळे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला मी. अध्यक्षीणबाई झिल्के म्हणते, प्रत्येक इंजिनात चिप बसवायची आणि गाड्या फोनवरून चालवायच्या. मी सुनावलं: गाडीला लागतो एक ट्रान्सफॉर्मर, त्यावरचा लाल नॉब आणि अक्कल. पैकी अक्कल या क्लबात नाही. राजीनामा फेकून आलो. आठवड्यात पाय धरत येतील.

१२ नोव्हेंबर
कोणी आलं नाही. लाजत असतील.
संध्याकाळी फोन. धावलो. झिल्केच! म्हणाली, "एकहार्ट, हॉलची किल्ली तेवढी पाठवा." निर्लज्ज.

१३ नोव्हेंबर
किल्ली घेऊन बायकोला पाठवलं. म्हटलं, दारातच दे आणि परत ये. गेरलिंडे तिथेच केक खाऊन आली. वर म्हणते, "छान आहेत रे माणसं."
घरातच गद्दारी.

१५ नोव्हेंबर
संकल्प: नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी त्यांचं प्रदर्शन. त्याच दिवशी माझंही, तळघरात. गाव कुठे लोटतं ते बघूच. गेरलिंडे म्हणाली, "आणि माझे बटाटे कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" बटाटे जिन्यात हलवले.

२३ नोव्हेंबर
तालीम. एका रुळावर दोन गाड्या. नॉब फिरवला की दोन्ही एकदम सुटतात आणि एक्स्प्रेस मालगाडीला मागून धडकते. गेरलिंडे म्हणाली, क्लबात प्रत्येक गाडी आपापल्या वेगाने जाते. मी म्हटलं, शिस्त नसली की असंच होणार.
दोष मालगाडीचा आहे.

३० नोव्हेंबर, रविवार
तळघर सजवलं. दुपारपर्यंत एकच पाहुणा, शेजारचा हुमेल. त्याने क्लबच्या हॉलचा रस्ता विचारला.
शेवटी मीच हॉलवर गेलो. निव्वळ हेरगिरी. आत गेरलिंडे, क्लबचा एप्रन घालून गाड्या चालवतेय! माझ्या हातात फोन कोंबला: "धर. हिरवं बटण दाब."
दाबलं. काही नाही. कचरा टेक्नॉलॉजी, मी ओरडलो.
"उलटा धरलायस," ती म्हणाली.
सरळ धरला. गाडी हळूच, झटका न देता सुटली. हॉल बंद होईपर्यंत चालवली. फक्त चुका शोधायला.
येताना तिला म्हटलं, क्लबाने फारच गयावया केली तर परत यायचा विचार करीन.
म्हणाली, "तुझी जागा भरली रे."
कोणी?
"मी."