साडेपाचचा निळा दिवा

३ फेब्रुवारी, सोमवार

ब्राह्मीच्या घरी कॅमेरा बसवला! माझ्या हातानं! अकरावीपासून जिच्यामागं खुळा झालोय, तिच्याच हॉलमध्ये तासभर शिडीवर, आणि ती खालून शिडी धरून. एकच स्क्रू तीनदा पडला. "धना, जमतंय ना तुला?" जमतंय!

घरात ती आणि तिची सन्मतीआत्या, दोघीच. आईवडील गेल्यावर आत्यानंच दोघा भावंडांना वाढवलं. भाऊ भरतेश बेंगळुरूला. ब्राह्मी मिरजेला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, घरी यायला साडेसहा. आत्याला शुगर, दिवसभर एकटी. म्हणून कॅमेरा.

आत्यानं विचारलं, "आमचा भरत तिकडनं बघतोय हे मला कसं कळायचं रं?" म्हटलं, कुणी बघायला लागलं की हा बारका दिवा निळा होतो. लय खूश झाली.

ज्यांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी फिटर आहे, त्या वर्धमानशेठची पद्धत — गिऱ्हाइकाला खातं उघडून देत बसायचं नाही. सगळे कॅमेरे फिटरच्या नंबरवर चढवायचे, मग घरच्यांना मोबाइलवर आमंत्रण धाडायचं. "सर्व्हिसला बरं पडतंय." म्हणजे त्या कॅमेऱ्याचा मालक मी. ब्राह्मी आणि भरतेश पाहुणे!

६ फेब्रुवारी

चालतोय का बघायला म्हणून उघडला. चालतोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोज उघडतो. खोटं कशाला लिहू? साडेपाच वाजले की दुकानामागच्या गोडाऊनमध्ये जातो आणि ती दारातनं येईपर्यंत फोन धरून बसतो. चप्पल काढते, पिशवी टाकते, आत्याच्या कपाळाला हात लावून बघते. तेवढं बघतो. बंद करतो.

तोवर समोर आत्या. जैनांचं, दिवस बुडायच्या आत जेवणारं घर. ताट घेऊन कॅमेऱ्यासमोर बसते आणि बोलते! "भरत, आज घेवडा केलाय बघ. तुला आवडत न्हाई, म्हाईत हाय मला." एक घास, एक वाक्य. परवा कॅमेऱ्याकडं भाकरी धरून दाखवली — "कशी फुगलीया!" मी एकटाच पोत्यावर बसून हसलो.

तिला वाटतं भरतेश बघतोय. असेल की तोही बघत.

१४ फेब्रुवारी

एक उंच पोरगा तिच्याबरोबर घरात आला. आत्याच्या खुर्चीत बसून कोकम सरबत प्याला. ब्राह्मी हसत होती! फोन पोत्यावर आपटला. पुढचं बघितलंच नाही. मरू दे!!

१५ फेब्रुवारी, शनिवार

केलं वाटोळं. मिरज स्टँडवर गाठलं तिला. "कोण तो?"

"कोण कोण?"

"काल आत्याच्या खुर्चीत बसून सरबत ढोसत होता तो!"

रागावेल वाटलं होतं. रागावली नाही. बारीक आवाजात म्हणाली, "दार लावलेलं होतं, धना."

तेवढंच!

मग म्हणाली, "ऋषिराज फिजिओथेरपिस्ट आहे. आत्याच्या गुडघ्याचा व्यायाम दाखवायला आला होता. खाली बसून पाय धरला त्यानं तिचा, तेही दिसलं असेल की."

नाही दिसलं. तेवढंच नाही दिसलं.

"उद्या ये आणि तुझं नाव काढ माझ्या घरातनं."

मागं एचओडीशी भांडून, त्यांच्या टेबलावर जर्नल फेकून कॉलेज सोडलं, तेव्हा वाटलं होतं मीच खरा. आज तसलं काही वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

काढलं. माझ्या खात्यातनं कॅमेरा काढून टाकला, तिनं स्वतःचं खातं उघडून तो चढवला. पासवर्ड टाकताना मी खिडकीकडं तोंड केलं. आता मालक ती. भरतेशला तिच्याकडनं नवं आमंत्रण — नुसतं बघायचं, बदलायचं काही नाही, आणि तिला वाटेल तेव्हा बंद करता येतंय. पासवर्ड कुणी कुणाला सांगायचा नाही. ज्याचं त्याचं खातं. दहा मिनिटांचं काम! पहिल्याच दिवशी करायचं होतं.

फोनवर आलं — हा कॅमेरा आता तुम्हाला दिसणार नाही.

पाणीसुद्धा विचारलं नाही तिनं.

१८ फेब्रुवारी

शेठला सांगितलं, सगळ्या गिऱ्हाइकांकडं जाऊन माझा नंबर काढणार. "धन्या, डोकं फिरलंय काय? एवढी घरं परत फिरनार तू?" फिरणार! आज विश्रामबागेतली चार झाली. एका काकांनी विचारलं, "म्हंजे इतके दिवस आमचं घर तुझ्याकडं होतं?" "होय," म्हटलं, आणि पुढच्या घरची बेल वाजवली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ब्राह्मीचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "आत्या पडली काल."

तीन दिवस संध्याकाळची जेवलीच नव्हती. पाचला शुगरची गोळी घ्यायची, ताट वाढून घ्यायचं आणि दिव्याकडं बघत बसायचं. "भरत बसला की जेवते." दिवा काही निळा होईना. दिवस बुडायचा. आणि बुडाला की ती पाण्याचा घोटही घेत नाही! ब्राह्मी घरी येईस्तोवर ताट झाकलेलं. काल चक्कर आली. ब्राह्मीनं साखर तोंडात घालायला घेतली तर ओठ मिटले — अंधार पडला म्हणून. शेवटी सलाइन.

"भरतला झापलं, बघायचं का सोडलंस म्हणून. तर म्हणतो, मी एकदाही उघडलं नाही. पहिलं आमंत्रणच घेतलं नव्हतं त्यानं." मग, "साडेपाचचा दिवा तुझा होता."

"माझा."

पटकन बोलून गेलो, "मला परत आमंत्रण दे. रोज साडेपाचला उघडतो. जेवेल ती."

"आणि तुला भरत म्हणत राहू दे?"

हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तूच सांग तिला, धना. मी नाही सांगणार."

२१ फेब्रुवारी

पाचला गेलो. आत्या खुर्चीत, हाताला सलाइनची पट्टी. उभ्या उभ्याच सांगितलं. "आत्या, त्या दिव्यामागं मी होतो."

"तू? आन् मी तुला घेवड्याचं सांगत बसले!" वर दिव्याकडं बघितलं. मग, "भरत किती दिस बघत हुता?"

लपवता आलं असतं. "एकदाबी नाही, आत्या."

खिडकीकडं तोंड फिरवलं तिनं. "चोरून बघणाऱ्यापुढं जेवले मी. पोराचं नाव घिऊन." मग म्हणाली, "जा."

आलो. सातला ब्राह्मीचा मेसेज — 'जेवली. रागानं, पण जेवली.'

दहा वेळा वाचला.

२२ फेब्रुवारी

आत्यानं उद्या बोलावलंय! साडेपाचला. ब्राह्मी म्हणाली, "माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी ये." चालेल. चालेलच! शिव्या देणार असेल तर खाईन.

२३ फेब्रुवारी, रविवार

शिव्या नाहीत. दोन ताटं! "समोर बसून बघ आता," म्हणाली. मी मेंढपाळाचा पोर; आमच्या जतकडं या वेळी मेंढरं वाड्याकडं वळतात, एवढ्या लवकर जेवण कुठलं! तिसऱ्या घासाला दिवा निळा झाला. माझा फोन खिशात. ब्राह्मीचा फळीवर, ती भाजी वाढत होती. म्हणजे भरतेश!

"आत्या, दिवा —"

तिनं वर बघितलंच नाही. माझ्या ताटात भाकरी मोडत होती.

"बघू दे त्याला. तू जेव रं, दिवस बुडाय लागलाय."